अणू शिकवण्याआधी चादरीची दशी उसवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांची विज्ञान प्रदर्शने आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की ‘नॅनो’ हा शब्द फलकांवर मोठ्या अक्षरांत दिसू लागतो. तिसरी-चौथीची मुले पाठ केलेले वाक्य घडाघडा म्हणून दाखवतात : एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. वाक्य चूक नाही. पण शंभर कोटी हा आकडा त्या वयाच्या मुलाला कशालाच टेकवता येत नाही, त्यामुळे तो पाठ होतो आणि प्रदर्शन उरकले की विसरला जातो. शेजारच्या फलकावर सूर्यमालेसारखा अणू, त्याच्या बाजूला तेवढ्याच आकाराचा केस आणि तेवढीच रक्तपेशी. तिन्ही एकाच मापाची चित्रे पाहून मूल जे शिकायचे तेच शिकते : हे सगळे सारखेच लहान.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांना पदार्थाच्या कणांची ओळख करून देता येते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र ती शब्दापासून नको, हातात धरता येणाऱ्या वस्तूपासून व्हावी. सोलापुरात त्यासाठी लागणारे बहुतेक सामान स्वयंपाकघरात, मागाच्या कारखान्यात आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात पडून आहे. कृती मापांसह आणि त्या कुठे फसतात त्यासह देत आहोत. अर्धवट कृती वर्गात फसली की शिक्षक ती पुन्हा करायला धजत नाहीत, म्हणून थोडी जास्त जागा मागतो.

सुरुवात चादरीपासून करावी. कारखान्यात कापून टाकलेल्या दशा मूठभर आणाव्यात, शक्यतो पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या. प्रत्येक मुलाला बोटभर लांबीचा एक धागा आणि एक काळा कागद द्यावा. धाग्याची दोन टोके चिमटीत धरून पीळ उलटा फिरवायला सांगावे. चादरीचे सूत पुष्कळदा दुपदरी असते, तसे असेल तर आधी दोन पदर वेगळे होतात. मग एका पदराचा पीळ सोडत गेले की तो एकाएकी निसटतो आणि हातात कापसाचा झुपका उरतो. त्यातला एकच तंतू टाचणीने काढून काळ्या कागदावर ठेवायचा. तो दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि साधारण १५ ते २० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजेच १५ ते २० हजार नॅनोमीटर. डोक्याचा केस त्याच्या चौपट-पाचपट जाड. पंखा बंद ठेवला तरी वाकून पाहणाऱ्या मुलाच्या श्वासाने तंतू उडतो, म्हणून कागदावर आधी पातळ डिंकाची एक रेघ ओढून ठेवावी. कापडाच्या धंद्यात इंचातले धागे मोजायला जे घडीचे भिंग वापरतात, ते पिक ग्लास मिळाले तर फारच चांगले. त्याच्या चौकटीतून मुले आधी विणीतले उभे-आडवे धागे मोजतात, मग सुटा धागा, मग तंतू पाहतात.

तंतूपाशी आले की शिक्षकाने थांबून सांगावे की आता डोळा संपला. यापुढचे या भिंगाने दिसणार नाही; पुढे आपण नमुना करून आणि पुरावा शोधून जाणार आहोत. ही कबुली आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अणूचे रंगीत चित्र दाखवून ‘हा बघा अणू’ म्हटले की पाहिलेले कुठे संपले आणि कल्पना कुठे सुरू झाली, यातला फरक मुलाला कधीच कळत नाही.

पुढचा नमुना पुठ्ठ्याचा. तीन सेंटिमीटर बाजूच्या षटकोनी चकत्या कापाव्यात, तीस मुलांच्या वर्गाला साठ पुरतात. प्रत्येक चकतीच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका. ही एक चकती म्हणजे ग्लुकोजचा एक कण. पहिली माळ करताना चकत्या एकाआड एक उलट्या जोडायच्या : ठिपका वर, ठिपका खाली, पुन्हा वर. ही माळ सरळ राहते. अशा सरळ माळा शेजारी शेजारी ठेवल्या की एकमेकींना खेटून घट्ट बसतात. हा झाला कापसाचा सेल्युलोज. दुसऱ्या माळेत सगळे ठिपके एकाच बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक जोड किंचित आत कलता बांधायचा. ती वाकत वाकत वेटोळे घेते, दर सहा चकत्यांना जवळपास एक फेरा. हा ज्वारीतला स्टार्च. माळ सुतळीने बांधली तर जोड ढिले पडतात आणि दोन्ही माळा सारख्याच लोंबतात. कार्यालयात फायलींना लावतात तसल्या दुमडत्या पितळी पिना वापरल्या तर आकार टिकतो.

भाकरी आणि चादर एकाच चकतीची झाली आहे, फरक फक्त जोडण्याचा, हे मुलांना चकित करते आणि ते अक्षरशः खरे आहे. आपल्या पोटात वेटोळ्याची माळ तोडणारे पाचक रस आहेत, सरळ माळ तोडणारे नाहीत. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव ती सरळ माळही तोडतात, म्हणून ज्वारीचा दाणा आपण खातो आणि कडबा जनावरांना घालतो. खेड्यातल्या मुलाला हे एका वाक्यात समजते. शिवाय कापसाच्या या माळेत एक नॅनोमीटर लांबीत जेमतेम दोन चकत्या मावतात. नॅनोमीटर केवढा, या प्रश्नाचे यापेक्षा नेमके उत्तर आम्हाला सुचत नाही.

पुरावा हवा, तो टिंक्चर आयोडीनने मिळतो. औषधाच्या दुकानातल्या टिंक्चरचा एक थेंब पाण्याच्या दहा थेंबांत मिसळावा. भाकरीच्या तुकड्यावर टाकला की काळानिळा डाग पडतो, कारण आयोडीन त्या वेटोळ्यांच्या आत जाऊन बसते. कापसावर टाकला तर नुसता पिवळट-तपकिरी राहतो. इथे सोलापूरकरांनी एक सावधगिरी घ्यावी. नवी, न धुतलेली दशी घेतली तर तीही निळी पडू शकते आणि सगळा धडा उलटा होतो. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, आणि ती स्टार्चची असली तर आयोडीन तिला पकडते. दशा आधी साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुवाव्यात, किंवा तुलनेसाठी औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस घ्यावा. चौथी-पाचवीची मुले असतील तर मुद्दाम धुतलेली आणि न धुतलेली अशा दोन्ही दशा द्याव्यात आणि फरक का पडला ते त्यांनाच शोधू द्यावे. टिंक्चर कपड्यांवर डाग पाडते, तोंडात जाता कामा नये. ड्रॉपर मोठ्यांच्याच हाती असावा.

आता आकाराची जाणीव. २८ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी घ्या. मधोमध कापा, एक अर्धा भाग बाजूला ठेवा, उरलेला पुन्हा मधोमध कापा. मुलांच्या कात्रीने आठ काप होतात. तेव्हा तुकडा एक मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो. नववा काप एखाद्यालाच जमतो. बारावा काप करता आला असता तर तुकडा केसाच्या जाडीएवढा, कागदाच्या स्वतःच्या जाडीहूनही कमी झाला असता. अठराव्याला एक मायक्रोमीटर, म्हणजे जिवाणूच्या मापाचा. अठ्ठाविसाव्याला एक नॅनोमीटर. एकतिसाव्याला आपण एका अणूपाशी पोचतो. शंभर कोटी न समजणाऱ्या मुलाला अठ्ठावीस काप समजतात. त्यातले आठ त्याने स्वतः केलेले असतात आणि उरलेल्या विसांची अडचण त्याच्या बोटांना कळलेली असते. चूक होते ती दोन ठिकाणी. काही मुले लांबीऐवजी रुंदीत कापतात, तर काहींचे दोन्ही अर्धे एकत्र होऊन मोजणी चुकते. बाजूला ठेवलेला प्रत्येक अर्धा लगेच वहीत चिकटवायला लावला की दोन्ही टळते, आणि वहीत लहान लहान होत जाणारा सुंदर जिना तयार होतो.

पृथ्वी आणि गोटी ही प्रसिद्ध तुलना हिशेबाला बरोबर आहे : पृथ्वी मीटरएवढी धरली तर गोटी नॅनोमीटरएवढी. पण मुलाने पृथ्वी पाहिलेली नाही. त्यापेक्षा ज्वारीचा दाणा घ्यावा. चार मिलिमीटरचा दाणा म्हणजे एक नॅनोमीटर असे धरले, तर अणू खसखशीच्या दाण्याएवढा आणि केसाची जाडी ३२० मीटर. हे अंतर मुलांना चालायला लावावे. तीस मीटरची दोरी घेऊन मोजावे, सुरुवातीला एका मुलाने तळहातावर दाणा घेऊन उभे राहावे आणि बाकीच्यांनी ‘केस’ ओलांडून पलीकडे जावे. त्याच मापाने सव्वा मीटर उंचीचे मूल पाच हजार किलोमीटर उंच होईल, काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या दीडपट. मैदान लहान असेल तर राजगिऱ्याचा एक मिलिमीटरचा दाणा घ्यावा, मग केस ८० मीटरांत बसतो. मैदानाला फेऱ्या मारून ३२० मीटर पुरे करू नयेत. फेरी मारली की मूल परत दाण्यापाशीच येते, आणि केवढे दूर गेलो ते त्याला जाणवत नाही.

शब्दांबद्दल एक अडचण खास या शहराची आहे. मराठीत आपण सर्वांत लहान कणाला अणू म्हणतो आणि अणू जोडून झालेल्याला रेणू. तेलुगू, कन्नड आणि हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत मात्र पहिल्याला परमाणू आणि दुसऱ्याला अणू म्हणतात. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांतली आणि अक्कलकोटकडची कन्नडभाषक मुले मराठी शाळेत येतात, घरी मोठ्या भावंडाकडून एक ऐकतात आणि वर्गात दुसरे. यात मुलाची काहीच चूक नसते. तिसरीपर्यंत ‘कण’ आणि ‘मणी’ एवढ्यावर भागवावे. पुढे अणू-रेणू सांगताना शेजारच्या भाषांत नाव वेगळे आहे हे फळ्यावर लिहून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते केले नाही तर हा गोंधळ पार दहावीपर्यंत सोबत जातो.

आता ज्या प्रयोगासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहोत, तो. नॅनोमीटर खरोखर मोजता येतो, तोही परातीत. बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतल्यावर ते सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, पसरल्याचे नोंदवले आहे. चमचा पाच मिलिलिटरचा धरून भागाकार केला तर थराची जाडी अडीच नॅनोमीटर येते. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. १८९० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी असे मोजमाप काळजीपूर्वक केले. आणि १८९१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स यांचे पत्र छापून आले. या बाईंना विद्यापीठात शिकायला मिळाले नव्हते. त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागाचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात केले होते. परातीसमोर उभ्या राहिलेल्या मुलींना हे नाव आवर्जून सांगावे.

सामान असे : ४५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी स्टीलची परात, शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल, बारीक शंखजिरे (टाल्कची पूड), मलमलीचा तुकडा, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, भिंग आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानातली ३६ नंबरची तांब्याची तार बोटभर. परात साबणाने घासून पाच-सहा वेळा विसळावी, शेवटचे पाणी गरम घ्यावे, आणि त्यानंतर आतून फडका किंवा बोट लावू नये. दोन सेंटिमीटर पाणी भरावे, सव्वातीन लिटर लागते. नंतर ते झाडांना घालता येते. कोऱ्या कागदाची पट्टी पृष्ठभागावर उभी टेकवून एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे ओढावी, म्हणजे वर तरंगणारा तेलकटपणा बाजूला सरतो. पॉकेल्स यांनीही पृष्ठभाग असाच, पत्र्याच्या पट्टीने साफ केला होता. पंखा बंद करून मलमलीतून शंखजिरे अगदी विरळ झटकावे. हे काम मोठ्यांनी करावे आणि मुलांना तेवढा वेळ दूर उभे करावे, ही पूड श्वासात जाणे चांगले नाही.

तार व्हीच्या आकारात वाकवून तिचे टोक तेलात बुडवावे आणि झटकावे. टोकाला जो बारीक थेंब लोंबतो, तो पट्टीच्या खुणांसमोर धरून भिंगातून पाहावा. अर्ध्या मिलिमीटरचा हवा. मोठा असेल तर कागदाला टेकवून कमी करावा. मग परातीच्या मध्यभागी पाण्याला नुसता स्पर्श करावा. पूड क्षणात मागे सरकते आणि मधोमध स्वच्छ वर्तुळ उघडते. ते साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचे असते. पट्टी पाण्याला न लावता वर धरून दोन दिशांनी व्यास मोजावा आणि सरासरी घ्यावी.

हिशेब शिक्षकाने फळ्यावर करावा. अर्ध्या मिलिमीटरच्या थेंबाचे घनफळ ०.०६५ घन मिलिमीटर. वीस सेंटिमीटरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मिलिमीटर. भागाकार ०.००००२ च्याही दहावा हिस्सा, म्हणजे ०.०००००२ मिलिमीटर : दोन नॅनोमीटर. तेल यापेक्षा पातळ पसरू शकत नाही, कारण हा एकाच रेणूचा थर आहे. रेणूंची एक टोके पाण्याला धरून राहतात आणि बाकीचा भाग वर राहतो. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन याच रीतीने टाकून पाहावे. त्याला पाण्याला धरणारे टोकच नाही, म्हणून ते असे पसरत नाही आणि थेंबासारखे गोळा होऊन राहते.

फसते ते बहुतेक वेळा साबणामुळे. परातीला साबण राहिला असेल तर त्याचाच थर आधी पाण्यावर पसरलेला असतो आणि तेलाला जागा उरत नाही. तपासणी सोपी आहे : तेल टाकण्याआधी पुडीवर हळूच फुंकर घालावी. पूड मोकळी सरकली तर पाणी स्वच्छ, सायीसारखी एकत्र हलून परत जागेवर आली तर पुन्हा धुवावे. पूड जाड पडली तर तिची खपली बनते, वर्तुळ लहान राहते आणि जाडी खोटी जास्त येते; पुडीखालून परातीचा तळ दिसत राहिला पाहिजे. रांगोळी चालत नाही, तिचे कण जड असल्याने बुडतात. हळद किंवा मिरपूडही नको, त्यांत स्वतःचे तेल असते. थेंब दुप्पट व्यासाचा झाला तर घनफळ आठपट आणि वर्तुळाचा व्यास २.८ पट होतो. ते ५६ सेंटिमीटरचे वर्तुळ परातीत मावणारच नाही, सगळी पूड काठाला जाऊन चिकटेल. पहिल्या प्रयत्नात हमखास हेच होते. थेंब मोजण्यातली थोडीशी चूकही घनफळात तिप्पट वाढते, त्यामुळे वर्गातली उत्तरे एक ते चार नॅनोमीटरच्या दरम्यान पसरतील. ती सगळी फळ्यावर लिहावीत आणि कुणालाही चूक ठरवू नये. आठ वर्षांखालच्या मुलांना हिशेब नको, उघडणारे वर्तुळ पाहणे त्यांना पुरे.

लहान झाल्यावर पदार्थ वेगळा का वागतो, याचे मूळ पुष्कळदा पृष्ठभागात असते. दहा ग्रॅम खडीसाखर आणि दहा ग्रॅम पिठीसाखर शंभर-शंभर मिलिलिटर पाण्यात एकाच वेळी टाकून वेळ मोजला की मुलांना ते दिसते. मोठ्या मुलांना आकडा द्यावा : एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, त्याचे एक मिलिमीटरचे तुकडे केले तर साठ, आणि एक नॅनोमीटरचे तुकडे केले तर सहा हजार चौरस मीटर, जवळजवळ दीड एकर. फाशाएवढ्या तुकड्यात दीड एकराचे रान सामावलेले असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अळवावरचे पाणी आपल्या भाषेतच आहे. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे नॅनो मापाचे कण असतात. थेंब त्यांच्या टोकांवर, खाली अडकलेल्या हवेवर उभा राहतो. अर्धे पान बोटाने चोळून मेण घालवले की त्या अर्ध्यावर थेंब पसरतो. मंडईतून आणलेले, हाताळलेले, धुतलेले पान या प्रयोगाला निरुपयोगी, ताजेच तोडावे. देठाचा रस खाजतो, म्हणून देठाला कापड गुंडाळावे. हाच परिणाम काजळीतही दिसतो. मोठ्यांनी स्टीलचा चमचा तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर काळा होईपर्यंत धरावा, निववावा आणि पाण्याच्या ग्लासात बुडवावा. काळा चमचा पाण्यात चांदीसारखा चमकतो, कारण काजळीच्या नॅनोकणांमध्ये हवेचा पातळ थर अडकलेला असतो. बोट लागले किंवा पाण्यात साबण असला की चमक गेली.

एक खेळ प्रत्येक वर्गात व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते : न पाहता चाचपून चित्र काढण्याचा. १९८१ मध्ये गर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत जे सूक्ष्मदर्शक बनवले आणि ज्यासाठी त्यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले, ते अणू पाहत नाही, एका टोकदार सुईने त्यांच्या पृष्ठभागाचा अदमास घेते. बुटांच्या खोक्यात तळाला खोडरबर, काडेपेटी, बाटलीचे झाकण चिकटवावे. झाकणावर दोन-दोन सेंटिमीटरवर दाभणाने भोके पाडावीत, सुमारे नव्वद होतात. विणकामाच्या सुईवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरला खुणा कराव्यात. मुलांनी प्रत्येक भोकातून सुई टेकेपर्यंत आत घालून खोली चौकटीच्या कागदावर लिहायची, मग प्रत्येक खोलीला एक रंग द्यायचा. रंगवता रंगवता वस्तूचा आकार उमटतो. दोन सेंटिमीटरच्या भोकांत बाटलीचे झाकण नीट दिसत नाही. तेवढ्या भागात मध्ये मध्ये आणखी भोके पाडली की गोल उमटू लागतो. वस्तू घट्ट चिकटवल्या नाहीत तर मुले खोके हलवून आवाजावरून ओळखतात. सांगताना एक दुरुस्ती करावी : आपली सुई टेकते, त्या यंत्राची टेकत नाही. ती पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर राहते आणि मधून वाहणारी सूक्ष्म वीज मोजते. १९८९ मध्ये आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉन वायूचे ३५ अणू एकेक सरकवून कंपनीची तीन अक्षरे लिहिली. मुलांना ३५ हरभरे द्यावेत आणि त्यांतच आपल्या नावाची सुरुवातीची अक्षरे बसवायला सांगावीत.

काही गोष्टी टाळाव्यात. ऑनलाइन मिळणाऱ्या नॅनोपुड्या वर्गात आणू नयेत. कोरडी बारीक पूड फुफ्फुसात खोल जाते. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये जगापुढे मांडलेल्या लालबुंद सोन्याच्या द्रावणाची गोष्ट आणि चित्र मुलांना जरूर दाखवावे, पण सोन्या-चांदीची रसायने घेऊन ते प्राथमिक शाळेत करू नये. ‘कणांच्या मध्ये काय असते?’ या प्रश्नाला मुले ‘हवा’ म्हणतात, आणि पुष्कळ मोठी माणसेही. हवाच कणांची असते. मध्ये काहीच नसते. तांब्याचा अणू तांबूस आणि सोन्याचा पिवळा, असे मणी रंगवून दाखवू नयेत, रंग हा पुष्कळ अणूंच्या समूहाचा गुण आहे. नमुन्यातले रंग फक्त ओळखीपुरते आहेत हे दर वेळी सांगावे. पेशी आणि अणू यांची गल्लत तर पाचवीपर्यंत सर्रास असते. वर दिलेल्या ज्वारीच्या मापात रक्तातली तांबडी पेशी तीस मीटर रुंद, म्हणजे पूर्ण एक दोरीभर येते; दाणा, दोरी आणि ३२० मीटरचे मैदान एकदा पायाखालून गेले की ती सुटते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. केगावला विद्यापीठ आहे आणि विज्ञान केंद्रही आहे. पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक शनिवार जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांना द्यावा. परातीचा प्रयोग दोघे मिळून एका तासात दोन वर्गांना करून दाखवू शकतात. चादर-टॉवेलच्या कारखानदारांनी शेजारच्या शाळेला धुतलेल्या दशांची एक पिशवी आणि वापरातून गेलेले एखादे पिक ग्लास द्यावे. मुख्याध्यापकांनी प्रदर्शनात पाठ केलेल्या भाषणाऐवजी मुलाच्या वहीतली मोजमापे पाहावीत, चुकलेली असली तरी. आणि आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत दर आठवड्याला यांतला एक प्रयोग मापांसह छापावा. पहिला परातीचा घ्यावा, आणि मुलांकडून थेंबाचा व व्यासाचा आकडा मागवून पुढच्या अंकात सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी द्यावेत.

कळावे,
पदार्थविज्ञान आणि बालशिक्षण क्षेत्रातील काही वाचक,
सोलापूर